पंधरा ग्रॅमची रेषा

सिंगापूरच्या कायद्यात १५ ग्रॅम शुद्ध हेरॉइन ही जगण्यामरण्याची रेषा आहे. १५ ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण चार चमचे साखर. तेवढ्याच्या आत माल सापडला तर लांबलचक कैद आणि वेताचे फटके. त्याच्या वर सापडला तर १९७५ पासून ठरलेली शिक्षा फाशी. कोकेनसाठी ही रेषा ३० ग्रॅमवर आखलेली आहे, चरससाठी २०० ग्रॅमवर, मेथॲम्फेटामिनसाठी २५० ग्रॅमवर, गांजासाठी ५०० ग्रॅमवर. ती ओलांडणारा एकोणीस वर्षांचा आहे की साठीचा, कर्जात बुडालेला आहे की टोळीचा म्होरक्या, पहिल्यांदाच सापडला की विसाव्यांदा, याचा विचार करून शिक्षा कमी करायची मुभा २०१३ पर्यंत न्यायाधीशाला नव्हती. आज ती आहे, पण तिचे दार फारच अरुंद आहे.

परक्या देशात अमली पदार्थ नेताना सापडलेल्या आणि त्यापायी मृत्युदंड झालेल्या माणसांविषयी हे पुस्तक आहे. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया आणि चीन या चार देशांवर त्यात भर आहे. इराण आणि सौदी अरेबिया इथे अशा शिक्षा मोठ्या संख्येने होतात, पण तिथल्या खटल्यांची कागदपत्रे बाहेर फारशी येत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी बेतानेच लिहिले आहे. हार्म रिडक्शन इंटरनॅशनल या संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी जगात किमान ४६७ जणांना मारण्यात आले. ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा, कारण चीन, व्हिएतनाम आणि उत्तर कोरिया आपले आकडे सांगत नाहीत.

परदेशी माणसांवरच लक्ष का, असे कुणी विचारील. सिंगापूरने आपल्या नागरिकांनाही फासावर चढवले आहे आणि त्यांचा जीव काही स्वस्त नाही. पण परक्या माणसाच्या खटल्यात या कायद्याचे सगळे दोष एकदम उघडे पडतात. स्थानिक माणूस पकडला गेला की भाऊ पोलीस ठाण्यावर पोचतो, ओळखीचा वकील गाठतो, खर्चासाठी घर गहाण टाकतो. परक्याचा जबाब कोणत्या भाषेत लिहिला गेला हेसुद्धा त्याला नीट कळत नाही. घरी कळायला आठवडे लागतात. कळल्यावर विमानाच्या तिकिटासाठी उसनवारी सुरू होते. मलेशियातले फेब्रुवारी २०१९ चे आकडे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने प्रसिद्ध केले. फाशीच्या कोठड्यांमध्ये तेव्हा १,२८१ कैदी होते आणि त्यांतले ५६८, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस, परदेशी होते. एकूण कैद्यांपैकी ७३ टक्के अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी तिथे पोचले होते.

या पुस्तकाचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गुन्हा वजनकाट्यावर मोजला की शिक्षा त्याच्या वाट्याला येते, ज्याच्या अंगावर माल सापडतो. आणि माल अंगावर घेऊन सीमा ओलांडणारा हा त्या साखळीतला सर्वांत गरीब, सर्वांत कमी माहिती असलेला आणि उद्या दुसरा सहज मिळेल असा माणूस असतो. मृत्युदंडाचा सगळा भार त्याच्यावर पडतो आणि धंदा चालू राहतो.

नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियातला तमिळ तरुण. एप्रिल २००९ मध्ये जोहोरकडून सिंगापुरात शिरताना वुडलँड्सच्या नाक्यावर तो पकडला गेला. वय एकवीस. मांडीला बांधलेल्या पुडक्यात ४२.७२ ग्रॅम हेरॉइन निघाले. २०१० मध्ये त्याला फाशी सुनावली गेली. नंतरच्या वैद्यकीय तपासणीत त्याचा बुद्ध्यांक ६९ भरला. दरम्यान सिंगापूरने कायद्यात बदल केला आणि १ जानेवारी २०१३ पासून दोन पळवाटा ठेवल्या. आरोपी केवळ माल पोचवणारा असला पाहिजे. शिवाय एक तर त्याने टोळ्या मोडायला भरीव मदत केली असे प्रमाणपत्र सरकारी पक्षाने द्यावे, नाहीतर त्याच्या मनाच्या विकारामुळे त्याची जबाबदारी कमी होती हे सिद्ध व्हावे. नागेंद्रनला प्रमाणपत्र मिळाले नाही. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते, असा निर्वाळा न्यायालयांनी दिला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तुरुंग खात्याचे पत्र त्याच्या आईला मिळाले. १० नोव्हेंबरला तुमच्या मुलाला फाशी दिली जाईल, भेटायला यायचे असेल तर कोविडच्या काळात प्रवासाचे कोणते कागद लागतील, असा त्याचा आशय होता. नागेंद्रनला स्वतःलाच कोविड झाल्याने ती तारीख टळली. २६ एप्रिल २०२२ रोजी आईचा शेवटचा अर्ज फेटाळला गेला. निकालानंतर त्याने घरच्यांचे हात धरू देण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. काचेच्या आडोशातल्या फटीतून मायलेकांनी हात धरले. ‘मा, मा’ अशी त्याची हाक न्यायालयात ऐकू येत होती, असे तिथे हजर असलेल्या पत्रकारांनी लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे चांगी तुरुंगात त्याला फाशी झाली.

त्याच्याशेजारी योंग वुई काँगचे प्रकरण ठेवून पाहावे. तोही मलेशियाचा. २००७ मध्ये पकडला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे ४७.२७ ग्रॅम हेरॉइन सापडले होते. नव्या कायद्याखाली त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि २०१३ मध्ये त्याची फाशी जाऊन जन्मठेप व पंधरा फटके अशी शिक्षा झाली. त्याचा जीव वाचला याचा आनंदच आहे. पण त्यामुळे कायद्याची रीत स्पष्ट होते. टोळीविषयी ज्याला जास्त माहिती, त्याच्याकडे जीव वाचवण्यासाठी देण्यासारखे काही असते. ‘हे पुडके पलीकडे नेऊन दे’ एवढेच ज्याला सांगितलेले असते, त्याच्याकडे देण्यासारखे काहीच नसते. म्हणजे गुन्ह्यातला वाटा जितका लहान, तितकी वाचण्याची आशा कमी.

सिंगापूरच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. ताब्यात माल सापडला की तो काय आहे हे आरोपीला माहीत होते, असे न्यायालय गृहीत धरते. माहीत नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. इवुचुक्वू अमारा तोची हा नायजेरियन मुलगा २००४ मध्ये चांगी विमानतळावर पकडला गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता. सामानात काय आहे हे त्याला ठाऊक असल्याचा थेट पुरावा नाही, हे खुद्द निकालपत्रात आले. तरीही गृहीतकाच्या जोरावर दोष सिद्ध झाला आणि जानेवारी २००७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला फाशी झाली. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड होऊ शकतो, त्यातच पुराव्याचा भार उलटा फिरवणे हे मला या सगळ्या कायद्यांमधले सर्वांत गंभीर वैगुण्य वाटते.

या शिक्षेचा इतिहास आजच्या सिंगापूरपासून सुरू होत नाही. तो १८३९ च्या कँटन बंदरातून सुरू होतो आणि त्यात मुंबईचा हात आहे. चिनी सम्राटाने पाठवलेला अधिकारी लिन झेशू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि जूनमध्ये हुमेन इथे चुना-मिठाच्या पाण्यात कालवून त्यांचा नाश केला. यापुढे जहाजावर अफू सापडली तर माल जप्त होईल आणि आणणाऱ्याला मृत्युदंड होईल, हे मान्य असल्याचे हमीपत्रही त्याने व्यापाऱ्यांकडे मागितले. ब्रिटिशांनी ते द्यायला नकार दिला. पुढे युद्ध झाले. १८४२ च्या नानकिंग तहात नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून साठ लाख डॉलर चीनकडून वसूल झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश प्रजाजनांना चिनी कायद्यापासून सूट मिळाली. परक्या तस्कराला संरक्षण मिळाले ते तोफांच्या बळावर.

ती अफू भारतातली होती. बंगालच्या अफूबरोबर माळव्याची अफू मुंबई बंदरातून मोठ्या प्रमाणात जात असे. १८३० नंतर कंपनी सरकारने तिच्यावर परवाना-शुल्क लावून तो व्यापार मुंबईमार्गे अधिकृतच केला. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली आणि तिच्यातून मुंबईला जे. जे. रुग्णालय मिळाले. त्यांच्या दातृत्वाविषयी आदर कमी न करता हे लिहायला हवे, कारण चीनमध्ये तो इतिहास अजून ताजा आहे. डिसेंबर २००९ मध्ये उरुम्चीत अकमल शेख या ब्रिटिश नागरिकाला चार किलो हेरॉइन आणल्याबद्दल मारण्यात आले. तो मानसिक आजारी असल्याचे त्याचे कुटुंब आणि ब्रिटिश सरकार सांगत होते. तेव्हा लंडनमधल्या चिनी दूतावासाने आपल्या निवेदनात इतिहासातल्या कडू आठवणींचा आवर्जून उल्लेख केला. त्या आठवणी खऱ्या आहेत. पण लिन झेशूचा रोख पेट्या भरून अफू आणणाऱ्या धनाढ्य कंपन्यांवर होता. उरुम्चीत मारला गेला तो एकटा, आजारी माणूस होता.

आग्नेय आशियातले आजचे कायदे १९७० च्या दशकात घडले. ब्रह्मदेश, लाओस आणि थायलंड यांच्या सीमेवरच्या ‘सुवर्ण त्रिकोणा’तून हेरॉइनचा लोंढा सुरू झाला होता आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या छोट्या देशांना आपली तरुण पिढी हातची जाईल अशी धास्ती होती. सिंगापूरने १९७५ मध्ये फाशी अनिवार्य केली, मलेशियाने १९८३ मध्ये. १९८६ च्या जुलैमध्ये क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात केव्हिन बार्लो आणि ब्रायन चेंबर्स या दोन ऑस्ट्रेलियन नागरिकांना फाशी झाली तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिकडे गेले. त्याआधी आणि त्यानंतरही शेजारच्या गरीब देशांतली माणसे गेली, त्यांची नावे त्यांच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. गोऱ्या माणसाच्या फाशीची बातमी होते आणि नायजेरियन किंवा तमिळ माणसाच्या फाशीची नोंद होते. हा भेद या पुस्तकात जागोजागी दिसेल. उपलब्ध कागदपत्रांतच तो आहे, आणि तो झाकून ठेवावा असे मला वाटले नाही.

इंडोनेशियावरच्या प्रकरणात २९ एप्रिल २०१५ ची रात्र सविस्तर आली आहे. मध्यरात्र उलटल्यावर नुसा कंबांगन या तुरुंगांच्या बेटावर आठ जणांना गोळ्या घातल्या गेल्या: दोन ऑस्ट्रेलियन, चार नायजेरियन, एक ब्राझिलियन आणि एक इंडोनेशियन. अँड्र्यू चॅन आणि मयूरन सुकुमारन हे दोघे ऑस्ट्रेलियन ‘बाली नाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाचे. २००५ मध्ये ८.३ किलो हेरॉइनच्या कटात ते पकडले गेले होते. हे दोघे निव्वळ माल वाहणारे नव्हते, कटाचे संयोजक होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तुरुंगातल्या दहा वर्षांत चॅन धर्मोपदेशक झाला आणि सुकुमारन चित्रकार. त्याने केरोबोकान तुरुंगात इतर कैद्यांसाठी चित्रकलेचे वर्ग चालवले. माणूस बदलतो याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता द्यायचा? ब्राझीलच्या रॉड्रिगो गुलार्तेला स्किझोफ्रेनिया होता. आपल्याला मारणार आहेत हे शेवटच्या काही मिनिटांपर्यंत त्याला उमगले नव्हते, असे त्याच्यासोबत असलेल्या पाद्र्याने सांगितले. आठही जणांनी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली नाही. भजने म्हणत ते उभे राहिले.

त्या रात्री नववी असायची ती फिलिपाईन्सची मेरी जेन वेलोसो. दोन मुलांची आई, आधी दुबईत मोलकरीण. मलेशियात घरकाम मिळेल म्हणून ती गेली आणि तिथून ओळखीच्या बाईने तिला योग्यकार्ताला पाठवले. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या विमानतळावर तिच्या सुटकेसच्या अस्तरात २.६ किलो हेरॉइन सापडले. तिची भाषा टागालोग. खटल्यात दुभाषी मिळाला तो तिला जेमतेम येणाऱ्या इंग्रजीत बोलणारा. शिक्षेच्या आदल्या दिवशी तिला पाठवणारी बाई फिलिपाईन्समध्ये पोलिसांसमोर हजर झाली आणि साक्षीसाठी वेलोसोची गरज आहे या कारणाने तिचे नाव यादीतून काढले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ती मायदेशी परतली, जिथे मृत्युदंड २००६ मध्येच रद्द झाला आहे. ती बाई एक दिवस उशिरा हजर झाली असती, तर आपली बाजू सांगायला वेलोसो उरली नसती.

इथे राज्यकर्त्यांच्या वागण्यातली विसंगती नजरेआड करता येत नाही. २०१५ च्या त्याच एप्रिल महिन्यात सौदी अरेबियाने दोन इंडोनेशियन मोलकरणींचा शिरच्छेद केला होता. इंडोनेशियाने जाहीर निषेध नोंदवला आणि आपल्याला आगाऊ कळवलेही नाही अशी तक्रार केली. दोन आठवड्यांनी त्याच सरकारने परक्यांना गोळ्या घातल्या. ऑस्ट्रेलियाने आपला राजदूत माघारी बोलावला. पण ‘बाली नाइन’ची खबर इंडोनेशियन पोलिसांना ऑस्ट्रेलियाच्याच फेडरल पोलिसांनी दिली होती, पुढे मृत्युदंड होऊ शकतो हे ठाऊक असताना. आपला माणूस असला की दया आठवते आणि परका असला की कायदा. भारत याला अपवाद नाही.

आता दुसरी बाजू. ती टाळून हे पुस्तक लिहिणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. सिंगापूर सरकारचा युक्तिवाद असा: आम्ही लहान बेट आहोत, शेजारी अमली पदार्थांचे आगर आहे आणि दहशत बसते. ठरावीक वजनावरच्या अफूला फाशी लागू केल्यावर चार वर्षांत एका खेपेतल्या अफूचे सरासरी वजन ६६ टक्क्यांनी घटले, हा आकडा ते देतात. तो खोटा मानायचे कारण नाही. पण त्यातून खेपा हलक्या झाल्या एवढेच सिद्ध होते. नेणारे रेषेच्या खाली राहायला शिकले. खेपा कमी झाल्या का, पुरवठा थांबला का, याचे उत्तर त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये पूर्व आणि आग्नेय आशियात १९० टन मेथॲम्फेटामिन पकडले गेले. तो तोवरचा उच्चांक होता. जास्त माल पकडला जाणे ही पोलिसांची कामगिरीही असते, हे मान्य. तरी जगातले सर्वांत कडक कायदे असलेल्या भागात पन्नास वर्षांनी हे चित्र असेल, तर दहशतीचा दावा पुन्हा तपासायला हवा. मलेशियाने तो तपासला. २०१८ पासून तिथे फाशी थांबली आणि जुलै २०२३ पासून अनिवार्य मृत्युदंड कायद्यातूनच गेला.

व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांविषयी मराठी वाचकाला मी काय सांगावे? १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर शिरली, तेव्हा अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहून ती घरे आपल्यासमोर उभी केली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्यासह पुण्यात मुक्तांगण सुरू केले. त्या कामातून महाराष्ट्राला एक गोष्ट कळली, की व्यसनी माणूस वाचवायचा असतो आणि तो वाचू शकतो. माल विकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. या पुस्तकात कुठेही तिला विरोध नाही. वीस वर्षांची कैद ही लहान शिक्षा नव्हे. विरोध आहे तो अशा शिक्षेला, जी चूक उघड झाल्यावर मागे घेता येत नाही.

आणि चुका होतात. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक नवविवाहित जोडपे दोहाला गेले. नात्यातल्या एका बाईने त्यांना सहलीची भेट दिली होती आणि सोबत न्यायला एक पुडके दिले होते. विमानतळावर त्यांच्या सामानात ४.१ किलो चरस सापडले. कतारच्या न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा दिली. बायको गरोदर होती. मुलगी तुरुंगात जन्मली. मुंबईतल्या घरच्यांनी हार मानली नाही, एनसीबी या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेकडे तक्रार केली, तपास झाला, त्या बाईला अटक झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये जोडपे निर्दोष सुटून लेकीसह परतले. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला ऑडिशनच्या निमित्ताने शारजाला पाठवले गेले आणि हातात दिलेल्या ट्रॉफीत ड्रग्ज निघाले. जुन्या भांडणाचा सूड म्हणून हा डाव रचल्याचे मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने शोधले आणि तीही सुटली. ४.१ किलो चरस हे सिंगापूरच्या रेषेच्या वीसपट आहे. तेच पुडके दोहाऐवजी चांगी विमानतळावर उघडले गेले असते, तर आपल्याला माहीत नव्हते हे त्या जोडप्याला स्वतः सिद्ध करावे लागले असते. सत्य बाहेर यायला पावणेदोन वर्षे लागली. त्यांच्या हाती तेवढी वर्षे होती म्हणून ती घरी आली.

परक्या देशात फाशीच्या छायेत उभे राहिलेले भारतीयही कमी नाहीत. रामेश्वरमच्या पाच मच्छीमारांना ऑक्टोबर २०१४ मध्ये श्रीलंकेच्या न्यायालयाने हेरॉइन तस्करीसाठी फाशी सुनावली. दोन्ही सरकारांत बोलणी झाली आणि महिन्याच्या आत त्यांना माफी मिळाली. इंडोनेशियात २०१६ च्या जुलैमध्ये गोळ्या घालायच्या चौदा जणांच्या यादीत पंजाबचा एक माणूस होता. प्रत्यक्षात चौघांना मारण्यात आले आणि तो वाचला. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या तिघांना तिथेच जहाजावरच्या १०६ किलो मेथॲम्फेटामिनसाठी मृत्युदंड सुनावला गेला.

अशा वेळी सरकार काय करू शकते, याचे नियम आहेत आणि ते वाचकाला माहीत असावेत म्हणून त्यावर वेगळे प्रकरण लिहिले आहे. परक्या नागरिकाला अटक झाली की आपल्या दूतावासाशी संपर्क साधायचा त्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगितला पाहिजे, असे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम सांगते. मराठी वाचकाला ते कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे ठाऊक झाले. तो खटला हेरगिरीच्या आरोपाचा होता, पण पाकिस्तानने याच कलमाचा भंग केला, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये स्पष्ट केले. दुसरीकडे, परदेशात शिक्षा भोगणाऱ्या भारतीयाला उरलेली शिक्षा इथे भोगू देणारा आपला २००३ चा कायदा मृत्युदंड झालेल्या कैद्याला लागूच होत नाही. त्याच्यासाठी उरतो तो फक्त दयेचा अर्ज आणि दोन सरकारांमधली बोलणी. म्हणून पहिल्या आठवड्यातला वकील आणि पहिल्या दिवसाचा दुभाषी यांनाच सर्वांत जास्त महत्त्व आहे.

आपल्याकडे सापडणाऱ्या परक्यांचे काय, हा प्रश्न शेवटच्या भागात घेतला आहे. मुंबई विमानतळावर आफ्रिकेतून किंवा लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसे पोटात कोकेनच्या कॅप्सूल घेऊन उतरतात. डीआरआयचे, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाचे, अधिकारी त्यांना न्यायालयाची परवानगी घेऊन जे. जे. रुग्णालयात दाखल करतात आणि पहाऱ्यात एकेक कॅप्सूल बाहेर येईपर्यंत वाट पाहतात. एक कॅप्सूल पोटात फुटली तर जीव जातो, हे गिळणाऱ्याला माहीत असते. जो आपल्या देहाचाच डबा करून देतो, त्याला मरणाची भीती घालून थांबवता येईल असे मानणे कितपत खरे आहे? ज्या अफूच्या पैशातून हे रुग्णालय उभे राहिले तिच्या व्यापाऱ्यांना मृत्युदंडाच्या हमीपत्रावर सहीसुद्धा करावी लागली नव्हती.

आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यातही मोठ्या वजनाच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी ३१-अ कलमाखाली १९८९ पासून फाशी अनिवार्य होती. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. न्यायाधीशाला प्रत्येक माणसाचा आणि त्याच्या परिस्थितीचा विचार करायची मोकळीक नसेल, तर ते जगण्याच्या हक्काशी विसंगत ठरते, हा त्या निकालाचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात खुनासंबंधी हेच म्हटले होते. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि सक्ती गेली. फाशीचा पर्याय मात्र तसाच राहिला, आणि आरोपीला माहीत होते असे गृहीत धरणारे ३५ वे कलमही राहिले.

पुस्तकाची मांडणी चार भागांत आहे: इतिहास, खटले, कायदे आणि भारत. न्यायालयाच्या निकालांत आणि सार्वजनिक नोंदींत जे आहे तेवढ्यावरच मी भिस्त ठेवली आहे. ज्यांचा विषय त्यांच्या घरापुरता आहे अशा माणसांची नावे दिलेली नाहीत. दोषी माणसाला निर्दोष रंगवायचा प्रयत्न कुठेही केलेला नाही. चॅन आणि सुकुमारन दोषी होते, आणि तरीही त्यांना मारायला नको होते, असेच मी लिहिले आहे.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ पासून आहे. मृत्युदंड राखायचाच असेल तर तो ‘सर्वांत गंभीर गुन्ह्यां’साठीच, असे तो करार म्हणतो. हेतुपूर्वक जीव घेणे हाच असा गुन्हा आहे आणि अमली पदार्थांचे गुन्हे त्यात बसत नाहीत, असा खुलासा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१८ मध्ये केला आहे. ३१-अ कलमातला फाशीचा पर्याय काढून टाकणे हे संसदेच्या एका दुरुस्तीचे काम आहे. तमिळनाडूच्या त्या तिघांसाठी आपले राजदूत जाकार्तात दाद मागतील तेव्हा समोरचा अधिकारी विचारू शकतो, की तुमच्या कायद्यात काय आहे? त्या प्रश्नाला आज आपल्याकडे सरळ उत्तर नाही. ते असावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.